घरातला कोळी मारावा की राहू द्यावा? आणि अंगावर आलेले फोड खरंच कोळ्याचे असतात का?

पावसाळा संपून दिवाळीची साफसफाई सुरू झाली की भिवंडीतल्या घराघरांत बांबूला केरसुणी बांधून जळमटं काढायचं काम निघतं. माळ्यावरचे डबे हलवले की एखादा हाताच्या पंजाएवढा कोळी भिंतीवर सुसाट धावतो, आरडाओरडा होतो आणि चप्पल शोधली जाते. त्याच दिवसांत कुणाच्या मानेवर किंवा पाठीवर लालसर, पाणी भरलेले फोड येतात. "कोळी मुतला असेल," असं घरातलं मोठं माणूस सांगतं. मग कुणी गेरू लावतं, कुणी आमचूर.

थोडक्यात उत्तर असं: आपल्या घरात वावरणारे कोळी माणसाला सहसा काहीच करत नाहीत, उलट झुरळं, माश्या, डास खातात. ते फोड कोळ्याच्या मुतण्यामुळे येत नाहीत. ते वेगळ्याच कारणाने येतात आणि त्यातल्या एका कारणासाठी पहिले तीन दिवस फार महत्त्वाचे असतात. आता हे सविस्तर पाहू.

कोळी म्हणजे नेमकं काय?

कोळी हा कीटक नाही. कीटकाला सहा पाय असतात, कोळ्याला आठ. कीटकाच्या शरीराचे डोकं, छाती आणि पोट असे तीन भाग असतात, कोळ्याचे दोनच. कोळ्याला पंख नसतात आणि मिशाही नसतात. विंचू, गोचीड आणि कोळी हे एकाच मोठ्या गटातले प्राणी, म्हणजे अष्टपाद.

कोळ्याच्या पोटाच्या टोकाला सूत काढणारे अवयव असतात. आत हे सूत द्रवरूपात असतं, बाहेर ओढलं जाताना ते घट्ट होतं. हे सूत प्रथिनांचं बनलेलं असतं. सूत सगळेच कोळी काढतात, पण शिकारीसाठी जाळं सगळेच विणत नाहीत. काही धावून शिकार करतात, काही उडी मारून. अंडी गुंडाळायला, उंचावरून खाली उतरायला किंवा राहायला घर करायला मात्र सुताचा उपयोग सर्वांनाच होतो.

कोळी भक्ष्य चावून गिळत नाही. तो भक्ष्याला विषाने सुन्न करतो, त्यावर पाचक रस सोडतो आणि पातळ झालेला भाग शोषून घेतो. जाळ्याखाली माश्यांची आणि झुरळांची पोकळ टरफलं पडलेली दिसतात, ती यामुळेच.

मेलेल्या कोळ्याचे पाय नेहमी आत का वळलेले असतात? कोळी पाय आत ओढतो स्नायूंनी, पण सरळ करतो शरीरातल्या द्रवाच्या दाबाने. जीव गेला की दाब संपतो आणि पाय आत मुडपतात.

जगात कोळ्यांच्या ५०,००० हून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत. हा आकडा २०२२ मध्ये पार झाला. भारतात १,८०० हून अधिक जाती आढळतात. आपल्या घरात त्यातल्या मोजक्याच येतात.

भिवंडीच्या घरात दिसणारे तीन कोळी

१) लांब पायांचा जाळेवाला. छताच्या कोपऱ्यात, माळ्यावर, दाराच्या मागे उलटा लटकलेला, केसासारख्या बारीक पायांचा कोळी तुम्ही नक्की पाहिला असेल. घरातली बहुतेक जळमटं याचीच. त्याला फुंकर मारली की तो जाळ्यात जोरजोरात हिंदकळतो, म्हणजे शत्रूला तो नीट दिसत नाही. मादी आपली अंडी तोंडात धरून फिरते. भारतात घरांत सर्रास आढळणाऱ्या अशा एका कोळ्याचं शास्त्रीय नाव क्रॉसोप्रायझा लायोनी. त्याच्या पोटाच्या मागच्या बाजूला शेपटीसारखं टोक असतं, त्यावरून तो ओळखता येतो.

२) झुरळं खाणारा मोठा कोळी. चपटा, तपकिरी, पाय पसरले तर तळहाताएवढा दिसणारा. हा जाळं विणत नाही. दिवसा कपाटामागे, दाराच्या फटीत, फोटोफ्रेमच्या मागे लपतो आणि रात्री शिकारीला निघतो. याचं नाव हेटेरोपोडा व्हेनाटोरिया. उष्ण प्रदेशात जगभर तो माणसाच्या घरांत आणि गोदामांत राहतो. मालाच्या खोक्यांतून, केळीच्या घडांतून तो देशोदेशी पोहोचला आहे. काल्हेर, कशेळी, पूर्णा, दापोडे, राहनाळ या पट्ट्यातल्या गोदामांत जिथे पुठ्ठ्याची खोकी आणि झुरळं आहेत, तिथे त्याला हवं ते सगळं आहे. मादी पोटाखाली नाण्यासारखी चपटी पांढरी पिशवी धरून फिरते. तिच्यात अंडी असतात.

३) उडी मारणारा छोटा कोळी. खिडकीच्या चौकटीवर, ट्यूबलाइटजवळच्या भिंतीवर दिसणारा, एक सेंटिमीटरच्या आसपासचा केसाळ कोळी. बोट जवळ नेलं तर पळत नाही, वळून तुमच्याकडे बघतो. त्याला आठ डोळे असतात आणि समोरचे दोन खूप मोठे. त्याची नजर कोळ्यांमध्ये सर्वांत तीक्ष्ण मानली जाते. तो माशीवर मांजरासारखा दबा धरतो आणि मागे सुताचा धागा चिकटवून झेप घेतो. झेप चुकली तरी धाग्यामुळे खाली पडत नाही.

उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या याच कुळातली एक जात आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्याशी जोडलेली आहे. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी इथून नोंदवलेल्या एका नव्या जातीला 'आयसियस तुकारामी' असं नाव दिलं. २६/११ च्या हल्ल्यात गिरगाव चौपाटीजवळ अजमल कसाबची बंदूक धरून ठेवणारे आणि त्यात वीरमरण आलेले मुंबई पोलिसांचे तुकाराम ओंबळे यांच्या सन्मानार्थ हे नाव आहे. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आलं होतं.

घराबाहेरचे कोळी काय करतात?

अंगणातल्या झुडपावर गोल जाळं आणि त्याच्या मध्यावर पांढऱ्या नागमोडी रेघांची फुली दिसली, तर तो सिग्नेचर स्पायडर. पाय दोन-दोन जोडून तो त्या फुलीवरच बसलेला असतो. बाग, कुंपण, शेताचा बांध ही त्याची जागा. घरात तो सहसा येत नाही.

भिंतीवर मातीचं छोटं घरटं करणारी कुंभारीण माशी सर्वांच्या ओळखीची आहे. यातल्या काही जाती आपल्या पिल्लांसाठी कोळी पकडतात, नांगी मारून त्यांना लुळं करतात आणि घरट्यात भरून ठेवतात. रिकामं समजून असं घरटं फोडलं की आतून कधी कधी कोळीच बाहेर पडतात.

सर्वांत मोठं काम मात्र शेतात चालतं. भिवंडी तालुक्यात शहर सोडलं की भातशेती लागते. भाताच्या खाचरात जमिनीलगत आणि चुडांच्या बुंध्याशी धावणारे छोटे कोळी तुडतुडे खातात. हे कोळी नसले तर काय होतं, हे इंडोनेशियाने अनुभवलं. तिथे भातावर सतत कीटकनाशकं फवारल्यावर तपकिरी तुडतुडे कमी होण्याऐवजी वाढले. फवारणीने तुडतुड्यांना खाणारे कोळी आणि इतर कीटक आधी मेले होते. शेवटी १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातासाठी वापरल्या जाणाऱ्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली.

जगभरातले कोळी मिळून वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य खातात, असा अंदाज २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मांडला होता. यातला मोठा वाटा जंगलांतल्या आणि गवताळ भागांतल्या कोळ्यांचा आहे.

मग कोळी असले की डेंग्यू होणार नाही का?

असं समजू नका. लांब पायांचा घरगुती कोळी डेंग्यू पसरवणारा एडिस डास खातो, याची नोंद थायलंडमधल्या घरांत झालेल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. पूर्व आफ्रिकेत तर रक्त प्यायलेले डास निवडून खाणारा, उडी मारणाऱ्यांपैकी एक कोळी सापडला आहे. म्हणून कोळी मदत करतो हे खरं.

पण कोळी जाळ्यात अडकेल तेच खातो. ड्रममध्ये, कूलरमध्ये, गच्चीवरच्या टायरमध्ये साचलेल्या पाण्यातून आठ-दहा दिवसांत डासांची नवी पिढी तयार होते. तिला चार कोळी पुरे पडत नाहीत. पाणी भरून ठेवावं लागणाऱ्या वस्त्यांत भांडी झाकणं आणि आठवड्यातून एकदा ती रिकामी करून घासून कोरडी करणं, हाच डेंग्यूवरचा खरा उपाय आहे.

"कोळी मुतला" म्हणजे नेमकं काय होतं?

मराठी घरांत "कोळी मुतला" किंवा "अंगावरून कोळी फिरला" म्हणतात, हिंदी-उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडे हेच 'मकडी'च्या नावावर जातं. कोळ्याची विष्ठा पांढरट असते, जाळ्याखालच्या भिंतीवर तिचे ठिपके दिसतात. तिने कातडी भाजत नाही आणि फोडही येत नाहीत. मग फोड येतात कशाने? मुख्य कारणं दोन.

पहिलं कारण: एक छोटा भुंगेरा. पेडेरस नावाचा हा कीटक दिसायला मुंगीसारखा, जेमतेम एक सेंटिमीटर लांब, अंगावर केशरी आणि काळे पट्टे. काही ठिकाणी याला 'अ‍ॅसिड फ्लाय' म्हणतात. पावसाळ्यात तो रात्री दिव्याकडे येतो. तो चावत नाही. पण मानेवर बसल्यावर आपण त्याला हाताने चिरडतो आणि त्याच्या शरीरातलं पेडेरिन हे दाहक द्रव्य कातडीला लागतं. लगेच काही होत नाही. बारा तासांपासून दोन दिवसांपर्यंत कधीही लाल पट्टा उठतो, आग होते, फोड येतात. रात्री भुंगेरा चिरडला गेलेला आठवत नाही आणि सकाळी दोष समोरच्या भिंतीवरच्या कोळ्यावर येतो.

असा कीटक अंगावर दिसला तर चिरडू नका. फुंकर मारून किंवा कागदावर घेऊन बाजूला करा. चिरडला गेलाच तर ती जागा लगेच साबणाने धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका.

दुसरं कारण: नागीण. हे जास्त महत्त्वाचं. लहानपणी कांजिण्या झालेल्या माणसाच्या शरीरात तो विषाणू नसांमध्ये वर्षानुवर्षं निपचित राहतो. वय वाढलं, प्रतिकारशक्ती कमी झाली की तो पुन्हा जागा होतो आणि एका नसेच्या मार्गावर पुरळ उठतं. ओळखायच्या खुणा अशा:

• फोड शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे येतात. छाती, पाठ, कंबर किंवा चेहऱ्याची अर्धी बाजू.
• फोड येण्याआधी एक-दोन दिवस किंवा त्याहून जास्त काळ त्याच जागी आग, ठणका किंवा टोचल्यासारखं होतं.
• घोसासारखे, पाणी भरलेले छोटे फोड असतात.

नागिणीवर विषाणूविरोधी गोळ्या आहेत आणि पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत त्या सुरू केल्या तर सर्वाधिक फायदा होतो. हे तीन दिवस "कोळ्याचं आहे, उतरेल" म्हणत गेरू लावण्यात गेले, तर औषधाची चांगली वेळ निघून जाते. नंतर फोड सुकतात, पण त्या जागचा ठणका काहींना महिनोन्महिने सोसावा लागतो. कपाळ, डोळा किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, कारण दृष्टीला धोका असतो. मधुमेह असलेल्यांनी आणि वयस्कर माणसांनीही वाट पाहू नये. ५० वर्षांवरच्या लोकांसाठी नागिणीची लस आता भारतातही मिळते. तिच्याबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा.

"नागिणीची दोन्ही टोकं मिळाली की माणूस दगावतो" हीदेखील ऐकीव गोष्ट आहे. ते पुरळ सहसा शरीराची मधली रेघ ओलांडतच नाही.

कोळी चावतच नाही का?

चावू शकतो, पण क्वचित. मोठा झुरळखाऊ कोळी हातात दाबला गेला, कपड्यात अडकला, तर स्वतःला वाचवायला चावतो. गांधीलमाशी चावल्यासारखं दुखतं, थोडी सूज येते आणि बहुतेकदा काही तासांत उतरते. लहान कोळ्यांचे दात आपल्या कातडीत सहसा घुसतही नाहीत. पश्चिम घाटातल्या जंगलात झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या मोठ्या केसाळ कोळ्यांचा दंश खूप वेदनादायक असतो, पण ते आपल्या हॉलमध्ये राहत नाहीत.

"कोळी चावला" म्हणून दवाखान्यात आलेल्यांना खरंच कोळी चावलेला असतो का? अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियात १८२ रुग्णांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्यक्ष कोळ्याचा दंश फक्त सात जणांना निघाला. बाकीच्यांपैकी बहुतेकांना कातडीचा जंतुसंसर्ग होता, म्हणजे त्यांना वेगळ्या औषधाची गरज होती.

दंश झालाच तर जागा साबण-पाण्याने धुवा आणि कापडात गुंडाळलेला बर्फ लावा. ब्लेडने कापू नका, तोंडाने चोखू नका, घट्ट बांधू नका. लाली पसरत गेली, पू झाला, ताप आला, खूप घाम किंवा पोटात गोळे आले, किंवा श्वासाला त्रास झाला तर डॉक्टरांकडे जा. जखमेवर जळमट दाबून रक्त थांबवायची जुनी रीत आहे, तीही टाळा. भिंतीवरची धूळ त्याबरोबर जखमेत जाते.

फॉरवर्ड होणारे तीन दावे

"झोपेत माणूस वर्षाला आठ कोळी गिळतो." खोटं. झोपलेल्या माणसाचा श्वास, धडधड आणि हालचाल कोळ्याला जाणवते. अशा जागेपासून तो लांब राहतो. या आकड्यामागे कोणताही अभ्यास नाही.

"लांब पायांचा कोळी जगातला सर्वांत विषारी, फक्त त्याचे दात छोटे आहेत." खोटं. त्याचं विष किडे मारण्यापुरतं आहे, माणसासाठी सौम्य आहे.

"घरात कोळी दिसला म्हणजे घर घाणेरडं." अर्धंच खरं. कोळी अन्नामागे येतो. स्वच्छ घरातही ट्यूबलाइटवर किडे आले की कोळी येतो. पण खूप कोळी दिसत असतील तर खूप किडे आहेत, एवढं मात्र समजावं.

मग घरात काय करायचं?

जळमटं काढा, कोळ्याला मारायची गरज नाही. घरात लक्ष्मी यायची म्हणून जळमटं काढायची, ही आपली रीत आरोग्याच्या दृष्टीनेही बरोबर आहे, कारण जळमटांत धूळ साठते. दुसरीकडे, हिजरतच्या वेळी सौरच्या गुहेच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणल्याची कथा मुस्लिम घरांत सांगितली जाते आणि अनेक जण कोळ्याला मारत नाहीत. कुराणातल्या एका अध्यायाचं नावच 'अन्कबूत', म्हणजे कोळी. या दोन्ही रीती एका घरात सहज नांदू शकतात.

लूमच्या गाळ्यात जळमटं ठेवूच नका. मागावरून उडणारे कापसाचे बारीक तंतू त्यात अडकतात आणि छताला झुंबरासारखे लोंबतात. हे तंतू झटकन पेट घेतात. मीटर, स्विचबोर्ड, पंखे आणि वायरींजवळची जळमटं नियमित काढा, तीही मेन स्विच बंद करून.

मोठा कोळी बाहेर सोडायचा असेल तर त्याच्यावर रुंद तोंडाचा डबा किंवा ग्लास उपडा ठेवा, भिंत आणि डबा यांच्यामध्ये जाड पुठ्ठा सरकवा आणि बाहेर झाडाजवळ सोडा. पोटाखाली पांढरी पिशवी असलेली मादी असेल तर तिला घरात फोडू नका, पिल्लं विखुरतील. तशीच बाहेर न्या.

कोळ्यांसाठी म्हणून स्प्रे मारू नका. स्प्रेचा वास घरातली लहान मुलं आणि दम्याचे रुग्ण यांना त्रासदायक ठरतो, आणि झुरळांचं मूळ कारण तसंच राहतं. त्यापेक्षा रात्री ओटा कोरडा ठेवा, कचऱ्याचा डबा झाका, नाल्याच्या जाळ्या नीट बसवा, जुनी पुठ्ठ्याची खोकी काढून टाका, खिडकीजवळचा दिवा गरज नसेल तेव्हा बंद करा. किडे कमी झाले की कोळीही आपोआप कमी होतात.

आणि पुढच्या वेळी घरात कुणाच्या अंगावर एका बाजूला पट्ट्यासारखे फोड दिसले, तर भिंतीवरचा कोळी शोधत बसू नका. फोड कधी उठले ते बघा आणि ७२ तास उलटायच्या आत डॉक्टरांना दाखवा.